महिला कारागृहात कलेचा वर्ग घ्यायचा असेल तर

वर्ग संपायला दहा मिनिटं उरली होती आणि एक सुई कमी भरली. बारा दिल्या होत्या, परत आल्या अकरा. ड्युटीवरच्या मॅडमनी दार लावून घेतलं, बाराही जणींना भिंतीशी उभं केलं आणि एकेकीची झडती सुरू झाली. सुई शेवटी एका कापडाच्या दुमडीत टोचलेली सापडली. कुणी लपवली नव्हती. पण तोवर संध्याकाळची गणती लांबली होती आणि त्या दिवशी घरी फोन करायची पाळी असलेल्या दोघींची वेळ निघून गेली होती. चूक माझी होती. सुया मी मोजून दिल्या होत्या, पण कितवी सुई कुणाकडे आहे हे लिहून ठेवलं नव्हतं. मी मात्र ठरलेल्या वेळी घरी गेले.

हे काम करावंसं वाटतं, असं कुणी म्हटलं की मी आधी हा प्रसंग सांगते. आत आपण जी ढिलाई करतो, तिची किंमत आपल्याला पडत नाही, त्यांना पडते. पुढची सगळी तयारी त्यासाठी आहे. नियम प्रत्येक देशात वेगळे असतात, कधी कधी दोन शेजारच्या कारागृहांतही वेगळे असतात. त्यामुळे इथे वाचलेलं आणि तिथल्या अधीक्षकांनी सांगितलेलं यांत फरक पडला, तर अधीक्षकांचंच ऐकायचं.

अर्ज करण्याआधी

आधी वही उघडा आणि पुढच्या तीन महिन्यांत दर आठवड्याचा तोच वार, तीच वेळ मोकळी आहे का ते बघा. नसेल तर अजून थांबा. बाहेर एखादा वर्ग बुडाला तर फार बिघडत नाही. आत बुडाला तर तिथली बाई दार उघडायची वाट बघत बसते, आणि का आला नाहीत हे तिला कुणी सांगत नाही. आठ ते बारा आठवड्यांचा छोटा उपक्रम घ्यावा आणि तो पुरा करावा. वर्षभराचं बोलून दोन महिन्यांत गळून जाण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

दुसरा प्रश्न अवघड आहे. मला तिथे काय हवंय? बायकांच्या कहाण्या ऐकायची ओढ असेल, त्यांच्यावर काही लिहायचं असेल, तर तसं स्वतःशी कबूल करा आणि मग वर्ग घेऊ नका. त्यांच्या कहाण्या आधीच पोलिसांनी, वकिलांनी, न्यायालयाने कितीदा तरी वदवून घेतलेल्या असतात. आपला वर्ग ही निदान एक अशी जागा असावी जिथे कुणी ‘काय झालं होतं?’ असं विचारत नाही.

तिसरं म्हणजे आपल्या मर्यादा. तुम्ही मानसोपचाराचं रीतसर शिक्षण घेतलेलं नसेल, तर वर्गाला ‘थेरपी’ म्हणू नका. कागदावर नको, बोलण्यातही नको. चित्रकला, शिवण, लेखन, नाटक, गाणं हीच नावं पुरेशी आहेत. मन हलकं होतं ते हे करता करता, त्याची वेगळी जाहिरात लागत नाही.

एकट्याने सुरुवात करू नये. आधीपासून आत जाणाऱ्या एखाद्या संस्थेबरोबर दोन-चार वेळा नुसतं मदतनीस म्हणून जावं. दोघी मिळून वर्ग घेतला तर एकीला एखाद्या बाईजवळ बसता येतं आणि दुसरीला वर्ग पुढे नेता येतो.

परवानगी

प्रस्ताव एका पानात बसवा. अधीक्षकांना उद्दिष्टांची लांबण नको असते. किती जणी, कुठल्या वारी, किती वेळ, कोणती खोली, कोणतं साहित्य किती नग, आणि ते आत राहणार की रोज बाहेर जाणार, एवढं स्पष्ट हवं. सोबत ओळखपत्र आणि पोलिस पडताळणीची कागदपत्रं जोडा. उत्तराला वेळ लागतो, तो धरूनच बेत आखा.

वेळ ठरवण्याआधी तिथली दिनचर्या विचारून घ्या: गणती कधी, जेवण कधी, मुलाखतीचे (म्हणजे घरच्यांच्या भेटीचे) दिवस कोणते, न्यायालयात नेण्याचे दिवस कोणते. मुलाखतीच्या दिवशी वर्ग ठेवला तर ज्यांना भेटायला कुणी येत नाही तेवढ्याच येतील, आणि त्यांना ते बोचेल. अंगावर मूल असलेल्या बायकांनाही वर्गाला यायचं असतं. तेव्हा मुलाला कोण बघणार, की ते आईजवळच बसणार, हेही आधीच ठरवा.

अधिकाऱ्यांशी बोलताना दोन आंतरराष्ट्रीय दस्तऐवज माहीत असलेले बरे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०१० मध्ये महिला कैद्यांसाठीचे ‘बँकॉक नियम’ स्वीकारले. एकूण ७० नियम आहेत, आणि ४२ वा सांगतो की महिला बंद्यांना त्यांच्या गरजा ओळखून आखलेले उपक्रम मिळावेत, शिवाय गरोदर बायका आणि लहान मुलांच्या आया यांनाही त्यांत भाग घेता यावा. संयुक्त राष्ट्रांच्याच, सगळ्या कैद्यांसाठीच्या २०१५ च्या ‘नेल्सन मंडेला नियमां’तला १०५ वा नियम करमणूक आणि सांस्कृतिक उपक्रमांचा आहे. हे कागद दाखवून भांडायचं नाही. मात्र आपण मेहेरबानी मागत नाही आहोत, हे स्वतःला ठाऊक असलं की आवाज आपोआप स्थिर राहतो. पुरुष स्वयंसेवकाने लक्षात ठेवावं की मंडेला नियम महिला विभागात पुरुष कर्मचाऱ्यासोबतही महिला कर्मचारी असावी असं म्हणतात. स्वयंसेवकाने तर ते स्वतःहून मागून घ्यावं.

जगातल्या एकूण कैद्यांत बायका साधारण ७ टक्के आहेत. त्यामुळे त्यांची कारागृहं थोडी, घरापासून लांब, आणि उपक्रम बहुतेकदा पुरुषांसाठी आखलेले. भेटायला येणारी माणसं कमी होत जातात. हे माहीत असलं की एखादी बाई पहिल्याच दिवशी तुमचा हात धरून सोडत का नाही, ते समजतं.

पिशवीत काय असावं

साहित्याची यादी आधी मंजूर करून घ्या आणि यादीबाहेरचं काहीही नेऊ नका, टाचणीसुद्धा नाही. मोबाइल, स्मार्टवॉच, पेन ड्राइव्ह गाडीत किंवा घरी. तारेची बांधणी असलेल्या वह्या, स्टेपलच्या पिना, काचेच्या बाटल्या, कर्कटक, उग्र वासाचा गोंद, लांब दोरे या गोष्टी बहुतेक ठिकाणी अडतात. बायकांच्या गणवेशाच्या रंगाचे किंवा कर्मचाऱ्यांच्या वर्दीसारखे कपडे घालू नयेत, हेही विचारून घ्या.

कात्री मिळणार नाही असं धरूनच वर्ग आखला तर अडत नाही. हाताने फाडलेल्या कागदाची चित्रं कापलेल्यांपेक्षा मला जास्त आवडतात. कडा मऊ येतात आणि ‘मला सरळ कापता येत नाही’ ही भीतीच उरत नाही. मेणाचे खडू, शिवणीसाठी आधीच कापून आणलेले तुकडे, चालत असतील तर बोथट प्लास्टिकच्या सुया. खरी सुई वापरायला परवानगी मिळालीच, तर प्रत्येक सुईला क्रमांक, वहीत क्रमांकासमोर नाव, आणि देताना-घेताना सगळ्यांदेखत मोठ्याने मोजणी. मोजणी बायकांनीच करावी. आपल्यावर संशय आहे असं तेव्हा त्यांना वाटत नाही, उलट मोजणीची जबाबदारी आपली असल्यासारखं वाटतं.

शिवणकामाला इथे जुना इतिहास आहे. इंग्लंडमधल्या समाजसुधारक एलिझाबेथ फ्राय १८१३ मध्ये लंडनच्या न्यूगेट तुरुंगातल्या बायकांकडे पहिल्यांदा गेल्या. १८१७ मध्ये त्यांनी तिथे शिवण-विणकाम आणि वाचन सुरू केलं, तेव्हा वर्गाचे नियम एकेक करून वाचून दाखवले आणि प्रत्येक नियमावर बायकांचे हात वर करून मत घेतलं. दोनशे वर्षांपूर्वीची ही पद्धत मी अजून वापरते. त्यांच्याच प्रेरणेने उभ्या राहिलेल्या स्त्रियांच्या मंडळाने जहाजावरून दूर पाठवल्या जाणाऱ्या कैदी बायकांना सुया, दोरा आणि कापडाचे तुकडे द्यायला सुरुवात केली. १८४१ मध्ये ‘राजा’ नावाच्या जहाजातून इंग्लंडहून ऑस्ट्रेलियातल्या होबार्टला नेलेल्या बायकांनी वाटेत तुकडे जोडून एक मोठी चादर शिवली. ती आज कॅनबेराच्या नॅशनल गॅलरी ऑफ ऑस्ट्रेलियात आहे. तिच्यावर शिवणाऱ्या एकीचंही नाव नाही.

पहिला दिवस

लवकर पोहोचा. दारावरची झडती, नोंद, वाट बघणं यांत अर्धा तास सहज जातो. खोलीत खुर्च्या किंवा सतरंज्या अशा मांडा की बसणारीला दार दिसेल आणि शक्यतो कुणाच्या पाठीमागे कुणी येणार नाही. मार खाल्लेल्या माणसाला पाठीमागची हालचाल सहन होत नाही. याच कारणाने विचारल्याशिवाय कुणाच्या खांद्यावर हात ठेवू नका, वाकून कुणाच्या कागदात डोकावू नका.

‘तुम्हाला काय म्हणून हाक मारू?’ हा पहिला प्रश्न. नोंदवहीतलं नाव आणि तिला आवडणारं नाव वेगळं असू शकतं. सगळ्यांना अहो-जाहो करा. ती वयाने लहान असली तरी ‘अगं’ वर यायला तिची परवानगी लागते. गुन्हा विचारायचा नाही, शिक्षा किती हेही नाही, आणि घरी जाऊन तिचं नाव इंटरनेटवर शोधायचं तर मुळीच नाही.

मग नियम, हात वर करून. मी तीनच मांडते, बाकीचे त्या सुचवतात. कुठल्याही गोष्टीला ‘आज नको’ म्हणता येईल. इथलं बोलणं बराकीत चघळायचं नाही. आणि तिसरा नियम माझ्याबद्दलचा असतो, तो मी जसाच्या तसा सांगते: “तुम्ही सांगाल ते मी बाहेर बोलणार नाही. पण कुणी स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करणार असेल, किंवा इथे कुणावर अत्याचार होत असेल, तर मला ते गप्प राहून पोटात ठेवता येणार नाही. कुणाला सांगणार तेही तुम्हाला आधी सांगेन.” हे पहिल्या दिवशी बोललं नाही, तर पुढे कधीतरी विश्वास मोडल्यासारखं होतं.

चौथी गोष्ट नियम म्हणून नाही, माहिती म्हणून सांगा. खटला चालू असेल, म्हणजे कच्च्या कैदेत असाल, तर केसबद्दल इथे बोलू नका आणि लिहूही नका. वकिलाशी झालेल्या बोलण्याला जे संरक्षण असतं ते स्वयंसेविकेशी झालेल्या बोलण्याला नसतं. वही झडतीत वाचली जाऊ शकते. कवितेतली एक ओळसुद्धा उद्या कुणी वेगळ्या अर्थाने समोर ठेवू शकतं. हा मुद्दा बहुतेक स्वयंसेवकांच्या ध्यानातच येत नाही, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

कामाची निवड

नव्वद मिनिटं मिळाली तर पहिली वीस सावकाश जमण्यात, बोलण्यात जाऊ द्या. मधली पंचेचाळीस हातांच्या कामाला, मग थोडा वेळ एकमेकींचं बघण्याला, आणि शेवटची दहा मोजणीला राखून. प्रत्येक वर्ग त्याच दिवशी पुरा होईल असा हवा. आजची बाई पुढच्या आठवड्यात सुटलेली असेल, दुसरीकडे हलवलेली असेल किंवा न्यायालयात गेलेली असेल.

आधी हात, शब्द नंतर. पहिले दोन-तीन आठवडे रंग, कागद, कापड. इथे कधी उठायचं, काय घालायचं, दिवा कधी मालवायचा हे सगळं दुसरं कुणीतरी ठरवतं. म्हणून मी खडूंचे सारखे डबे वाटत नाही. सगळे खडू मध्ये ओतते आणि प्रत्येकीने हवे ते पाच उचलायचे. एका बाईने पहिल्या दिवशी या पाच खडूंसाठी जवळजवळ पाव तास घेतला. उचलायची, परत ठेवायची. सोबतची माझी सहकारी तिला मदत करायला निघाली होती, तिला मी डोळ्यांनीच थांबवलं. त्या दिवशी तिने चित्र काढलंच नाही. पाच खडू समोर ओळीत मांडून बसली. तो वर्ग वाया गेला असं मला वाटत नाही.

श्वासाचे व्यायाम, ध्यान यांबाबत जपून. ‘डोळे मिटा’ हे वाक्य बंद खोलीत काहींना घाबरवतं. डोळे उघडे ठेवा, समोरच्या एखाद्या गोष्टीवर टेकवा, आणि नको असेल तेव्हा थांबा, असं म्हणावं. शरीराच्या एकेका भागाकडे लक्ष न्यायला लावणारे व्यायाम अत्याचार सोसलेल्या बाईला त्याच क्षणात परत ढकलू शकतात. त्यापेक्षा पाय जमिनीला टेकलेत का बघा, खोलीतल्या पाच निळ्या वस्तू शोधा, हे साधं आणि सुरक्षित.

लेखनाकडे वळताना एक संशोधन आठवावं. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं, आपल्या आयुष्यातल्या सगळ्यात क्लेशकारक घटनेबद्दल लिहायला सांगितलं होतं. पुढच्या महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. हे ऐकून अनेक जण तुरुंगात तोच प्रयोग करू बघतात. पण लिहिल्यानंतर लगेच त्या विद्यार्थ्यांचं मन जास्त खचलेलं होतं, हाही त्याच प्रयोगातला निष्कर्ष आहे. विद्यार्थी उठून मोकळ्या हवेत गेले. आपली बाई उठून भरलेल्या बराकीत जाते, जिथे रडायला कोपरा नाही आणि वहीला कुलूप नाही. म्हणून जखमेवर लिहायला सांगू नये. तिने स्वतःहून लिहिलं तर अडवू नये.

मी एकदा उपक्रमाच्या अवघ्या दुसऱ्या वर्गाला ‘आपल्या मुलाला पत्र लिहा’ असं सांगून बसले. अर्ध्या बायकांना मुलं कुठे आहेत हेच माहीत नव्हतं. तो दिवस मला विसरता येत नाही. तो विषय आता मी देत नाही.

त्याऐवजी हाताचा ठसा. कागदावर पंजा ठेवून रेघ ओढायची आणि प्रत्येक बोटात या हाताला येणारी एक गोष्ट लिहायची किंवा काढायची. वेणी घालायला, टाका घालायला, बाळाला थोपटायला, असं येत जातं. एकीने करंगळीत लिहिलं, ‘घराला कुलूप लावायला.’ आत आल्यापासून तिने स्वतःच्या हाताने एकही दार लावलेलं नव्हतं. कुणी काही बोललं नाही. शेजारच्या बाईने आपला पिवळा खडू तिच्याकडे सरकवला.

लिहिता न येणाऱ्यांसाठी आपण लेखनिक व्हायचं. ती सांगेल तसं, तिच्याच बोलीत, व्याकरण न सुधारता लिहायचं, वाचून दाखवायचं आणि ‘यात काही बदलू का?’ असं विचारायचं. आपल्या तोंडचं वाक्य कागदावरून परत ऐकताना चेहऱ्यावर जे दिसतं, त्यासाठी मी कितीही तास बसेन.

नाटक करायचं असेल तर भूमिका स्वतःच्या आयुष्यातल्या नकोत. काल्पनिक पात्राच्या आडून माणूस सांगायचं तेवढंच सांगतं आणि हवं तिथे थांबू शकतं. सॅन फ्रान्सिस्कोत रोडेसा जोन्स यांनी १९८९ मध्ये तुरुंगातल्या बायकांसोबत सुरू केलेल्या नाट्यप्रकल्पाचं नावच ग्रीक पुराणातल्या मीडिया (Medea) या स्त्रीपात्रावरून आहे. इंग्लंडमध्ये ‘क्लीन ब्रेक’ ही नाट्यसंस्था १९७९ मध्ये तुरुंगात असलेल्या दोन बायकांनीच उभी केली. म्हणजे वर्ग घेणारी बाहेरचीच हवी असं नाही. चौथ्या-पाचव्या आठवड्यापासून एखादा भाग त्यांच्यातलीच कुणी घेऊ दे.

कुणी कोसळलं तर

रडणं थांबवायला धावू नका. शेजारी, थोडं अंतर ठेवून बसा. ‘इथेच बसायचं की बाहेर?’ विचारा. पाणी द्या. बाकीच्यांचं काम चालू राहू द्या, सगळ्यांच्या नजरा तिच्यावर नकोत. वर्ग सुटताना ती कुठे जाते, बराकीत तिची कुणी मैत्रीण आहे का, हे बघा. जीव द्यायची भाषा आली तर त्याच वेळी तिथल्या वैद्यकीय कर्मचाऱ्यांना किंवा ड्युटीवरच्या अधिकाऱ्यांना कळवायचं, घरी जाऊन विचार करत बसायचं नाही. कर्मचाऱ्याविरुद्ध तक्रार कानावर आली, तर स्वतः चौकशी सुरू करू नका. तक्रार कुणाकडे करता येते, मोफत कायदेशीर मदत किंवा बाहेरचे तपासणी अधिकारी कसे गाठायचे, हे आधीच माहीत करून घ्या. ती मदत तिच्यापर्यंत पोहोचेल असं बघा, पण तिच्यावर सूड उगवला जाऊ नये हे पहिलं.

नाही म्हणायच्या गोष्टी

चिठ्ठी बाहेर नेणं, घरी फोन करणं, पैसे, भेटवस्तू, न्यायाधीशांना शब्द टाकणं. सगळ्याला नाही. मागणी अगदी छोटी आणि रास्त असते, म्हणूनच अवघड जातं. ‘मला हे करता येणार नाही, पण समाजसेवा अधिकाऱ्यांकडे तुमचं काम आहे हे मी आज सांगते,’ असं म्हणा आणि खरंच त्याच दिवशी सांगा. एकीसाठी नियम वाकवला की सगळ्यांचा वर्ग बंद पडू शकतो.

ड्युटीवरच्या मॅडमना शत्रू मानू नका. त्यांनाही कागद द्या. काही बसतात, काही बसत नाहीत. त्यांच्यासमोर बायका मोकळ्या होत नाहीत हे खरं, पण त्यासाठी त्यांना खोलीबाहेर काढायचा हट्ट करू नये.

प्रदर्शन किंवा पुस्तक काढायची कल्पना आली, तर प्रत्येकीला वेगवेगळं, एकांतात विचारा. नाव हवं का, टोपणनाव हवं का, आणि उद्या मत बदललं तर काढून घेता येईल हेही सांगा. सगळ्यांसमोर विचारलेल्या प्रश्नाला आत कुणी नाही म्हणत नाही. त्या गुन्ह्याची झळ पोचलेली माणसंही बाहेर आहेत, त्यांच्या नजरेला ते काम पडू शकतं, हाही विचार हवा. मूळ काम तिचं आहे, ते तिच्याकडेच जावं.

शेवटचे वर्ग

किती वर्ग आहेत हे पहिल्याच दिवशी सांगा आणि दर वेळी उरलेला आकडा म्हणा. न सांगता निघून गेलेली माणसं त्यांनी खूप पाहिली आहेत. शेवटच्या वर्गाला एखादी मुद्दाम येत नाही, ते मनावर घेऊ नका. तिच्या कामावर तिचं नाव घालून ते पोचेल असं बघा. ‘पुन्हा येईन’ हे तारीख ठरलेली असेल तरच बोला.

घरी परतताना सोबतिणीशी अर्धा तास बोला, दर वेळी. ऐकलेलं घरच्यांना सांगता येत नाही आणि एकटीने साठवूनही ठेवता येत नाही. झोप उडत असेल, तर एक फेरी थांबा आणि तसं आधी कळवा.

जाताना अधीक्षकांकडे उरलेल्या साहित्याची यादी द्या. पुढे येणाऱ्या स्वयंसेविकेसाठी एक पान लिहून ठेवा: खोलीत उजेड कुठल्या बाजूने येतो, गणती किती वाजता होते, कुठली खुर्ची डुगडुगते, कुणाला मध्ये बसायला आवडत नाही. त्याबरोबर सुयांची वही ठेवा.